डीजे वाजतो तरी कुत्रं उठत नाही? येडं नाही, बहिरं असेल! हाताच्या इशाऱ्यांनी असं शिकवा

अमरावती/अकोला : वरात गावात शिरते. डीजेच्या दणक्याने घरावरचे टिनाचे पत्रे थरथरतात. गल्लीतली सारी कुत्री शेपूट घालून गोठ्याकडे, पांदणीकडे पळतात. एखादं कुत्रं मात्र पाराखाली पाय पसरून निवांत झोपलेलं असतं. लोक म्हणतात, 'पाहा, कसं बिनधास्त हाये!'

पण हेच कुत्रं हाक मारली तर येत नाही. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तरी रस्त्यातून हटत नाही. झोपेत हात लावला तर दचकून अंगावर येतं. मग त्याला नाव पडतं : येडं, माजलेलं, चावरं. आधी काठी बसते. तरी 'सुधारलं' नाही, तर पोत्यात घालून दूर हायवेवरच्या एखाद्या ढाब्याजवळ सोडून दिलं जातं. तिथे ते फार दिवस जगत नाही.

अशा अनेक कुत्र्यांचा दोष एवढाच असतो की त्यांना ऐकू येत नाही. बहिरं कुत्रं बस, थांब, ये, सोड हे सगळं शिकतं. उड्या मारणं, बोगद्यातून जाणं, काठ्यांमधून नागमोडी पळणं हेसुद्धा शिकतं. फक्त त्याला तोंडाने नाही, हाताने सांगावं लागतं.

आधी खात्री करा : खरंच बहिरं आहे का?

घरच्या घरी साधी तपासणी करता येते. कुत्रं झोपलेलं असताना किंवा त्याची पाठ तुमच्याकडे असताना, दहा-बारा पावलांवरून स्टीलचं ताट चमच्याने वाजवा. कान हलतात का, डोकं उचलतं का ते पाहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने पुन्हा करा. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करून पाहा.

यात तीन चुका होतात. पहिली, लोक पाय आपटून पाहतात. जमिनीची थरथर कुत्र्याला अंगाने कळते, त्यामुळे ते उठतं आणि आपल्याला वाटतं त्याला ऐकू आलं. दुसरी, अगदी जवळ टाळी वाजवतात. हवेचा झोत अंगाला लागतो आणि कुत्रं वळून पाहतं. तिसरी, वारा आपल्याकडून कुत्र्याकडे वाहत असताना तपासणी करतात. तेव्हा त्याला आपला वास आधीच पोचलेला असतो.

काही कुत्री एकाच कानाने बहिरी असतात. त्यांना आवाज कळतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. हाक मारली की ती भलतीकडेच पाहतात. अशी कुत्री बऱ्यापैकी निभावून नेतात, पण रस्त्यावर त्यांनाही धोका असतो.

पक्की खात्री करणारी चाचणीही असते. तिला 'बेअर' चाचणी म्हणतात. कुत्र्याच्या डोक्यावर बारीक तारा लावून, आवाज ऐकवल्यावर मेंदूपर्यंत संकेत पोचतो का ते यंत्रावर पाहतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नसते. पण शिकवायला सुरुवात करायची तर तिच्यावाचून काही अडत नाही.

कुत्रं बहिरं का होतं?

काही पिल्लं जन्मतःच बहिरी असतात. पिल्लाच्या कानाचं छिद्र जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतं. जन्मजात दोष असेल तर आतल्या कानातला नाजूक भाग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निकामी होतो. या दोषाचं नातं पांढऱ्या रंगाशी आहे. केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसल्या की ऐकण्याचा भाग टिकत नाही. म्हणून डाल्मेशियनसारख्या ठिपक्यांच्या जातीत बहिरेपण जास्त आढळतं. पण प्रत्येक पांढरं कुत्रं बहिरं असतं असं नाही. आपल्याकडची बहुतेक पांढरी गावठी कुत्री चांगली ऐकतात.

बाकीची कुत्री पुढे बहिरी होतात. म्हातारपण हे त्याचं मोठं कारण. त्याशिवाय कानात पू होणं, कानातले बारीक किडे, गोचीड, मळाचा गोळा आणि गवताचं कुसळ. दिवाळीनंतरच्या दिवसांत शेतात वाळलेल्या गवताची कुसळं कुत्र्याच्या कानात शिरतात आणि आत आत सरकत जातात. कुत्रं सारखं डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल, कानाला घाण वास येत असेल तर हे दुखणं बरं होण्यासारखं असू शकतं. वेळेवर डॉक्टरकडे नेलं तर ऐकणं वाचू शकतं.

अशा वेळी कानात तेल, रॉकेल किंवा हळदीचं पाणी घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर त्याने उलट नुकसान होतं. कानाचं कोणतंही औषध मेडिकलमधून मनाने आणू नका. काही अँटिबायोटिक औषधंच आतल्या कानाला घातक असतात. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. अवघड दुखणं असेल तर तिथे जाता येतं.

जन्मतः बहिऱ्या कुत्र्याची पिल्लं घेऊ नका. दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. नसबंदी करून घेणं बरं.

कुत्रं आपला हात आधीपासूनच वाचतं

कुत्र्याला शब्द शिकवावे लागतात, पण माणसाचा हात ते न शिकवताही बऱ्यापैकी समजतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी हे आपल्याच देशातल्या भटक्या कुत्र्यांवर तपासलं. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या १६० कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवली आणि एका भांड्याकडे हाताने बोट दाखवलं. जवळपास निम्मी कुत्री घाबरून जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. त्यांना कोणीही काही शिकवलेलं नव्हतं.

जी निम्मी कुत्री आली नाहीत, ती ठोंब होती असं नाही. माणसाच्या हाताची त्यांना भीती होती. बहिऱ्या कुत्र्याला शिकवताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्या कुत्र्याला एखादा फटका बसला तरी नंतर गोड आवाजाने बोलावता येतं. बहिऱ्याकडे फक्त तुमचा हात असतो. इशारा करणारा हात मारायलाही उठू लागला, की कुत्रं हाताकडे पाहणंच सोडतं. मग शिकवायला काही उरत नाही. म्हणून या कामात काठी, चप्पल, थप्पड काही चालत नाही.

अमेरिकेत घोस्ट नावाचं पांढरं पिटबुल कुत्रं होतं. जन्मतः बहिरं. कोणी पाळायला तयार नव्हतं आणि शिकवण्यालायक नाही म्हणून त्याला इंजेक्शन देऊन मारायचीही वेळ आली होती. एका प्रशिक्षक बाईंनी पाहिलं, की ते चेंडूमागे वेडं आहे. त्या वेडाचा उपयोग करून हाताच्या इशाऱ्यांवर त्याला तयार केलं. पुढे घोस्ट वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंग खात्यात अंमली पदार्थ हुंगून शोधण्याचं काम करू लागलं.

पहिला धडा : 'माझ्याकडे पाहा'

ऐकणाऱ्या कुत्र्याला नाव घेऊन हाक मारता येते. बहिऱ्याला हाक मारायची तर त्याने आधी तुमच्याकडे पाहायला हवं. म्हणून 'बस' शिकवण्याआधी 'पाहा' शिकवायचं.

- कुत्र्याला मोकळ्या पोटी, शांत जागी न्या. अंगण किंवा ओसरी चालेल.
- मुठीत खाण्याचे बारीक तुकडे घ्या. उकडलेलं अंडं, मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, भाकरीचे तुकडे. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट देऊ नका. ते कुत्र्याला विषारी ठरतं. कांदा घातलेले पोहेही नकोत.
- काही न करता थांबा. कुत्र्याने तुमच्या तोंडाकडे पाहिलं, की लगेच अंगठा वर करून दाखवा आणि एक तुकडा द्या.
- अंगठा आणि खाऊ यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका.

हा वर केलेला अंगठा म्हणजे 'शाब्बास'. थोड्या दिवसांत कुत्र्याला कळतं, की अंगठा दिसला म्हणजे आपण बरोबर केलं आणि खायला येणार. पुढचं सगळं शिकवणं या अंगठ्यावर चालतं.

एका वेळी पाच मिनिटं पुरेत. दिवसातून तीन-चार वेळा करा. कुत्रं कंटाळलं की थांबा. काही दिवसांनी एक बदल दिसेल. कुत्रं चालता-चालता आपणहून वळून तुमच्याकडे पाहू लागेल. त्या प्रत्येक वळून पाहण्याला अंगठा आणि खाऊ द्या. शेतात मोकळं चालताना हीच सवय त्याचा जीव वाचवते.

घरच्या सगळ्यांचे इशारे एकच हवेत

इशारे कोणते ठेवायचे ते तुम्ही ठरवा. अट एवढीच, की ते मोठे असावेत, लांबून दिसावेत, एकमेकांसारखे नसावेत आणि एका हाताने करता यावेत. दुसऱ्या हातात दोरी, पिशवी किंवा कुदळ असू शकते.

- बस : तळहात आकाशाकडे करून हात कोपरातून वर उचला. आधी खाऊ नाकाजवळून डोक्याच्या मागे न्या. कुत्र्याचं तोंड वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं.
- खाली झोप : तळहात जमिनीकडे करून हात खाली न्या.
- थांब : ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा समोर.
- ये : हात बाजूला पूर्ण पसरून छातीकडे ओढा.
- सोड, नको : बोट दोन वेळा आडवं हलवा.
- झालं, जा : हात झटकून मोकळा करा.

एक इशारा पक्का झाल्यावरच दुसरा घ्या. आजी एका पद्धतीने 'बस' दाखवते, पोरगा दुसऱ्या पद्धतीने, असं झालं की कुत्रं गोंधळतं. सगळे इशारे कागदावर काढून भिंतीला चिकटवा, किंवा एक छोटा व्हिडिओ करून घरच्या ग्रुपवर टाका.

इशारा करताना तोंडाने बोललं तरी हरकत नाही. उलट बोलताना चेहरा हलतो, हसू येतं, अंग पुढे झुकतं. कुत्रं ते सगळं पाहत असतं.

लांबून बोलावणं : दोरी आणि टॉर्च

'ये' हा धडा सगळ्यात जास्त वेळ घेतो. छातीच्या पट्ट्याला दहा मीटरची हलकी सुती दोरी बांधा. गळ्याला बांधू नका, झटका बसतो. कुत्रं थोडं लांब जाऊ द्या. ते वळून पाहील तेव्हा 'ये'चा इशारा करा आणि दोन पावलं मागे सरका. माणूस मागे सरकला की कुत्रं पुढे येतं. आलं की अंगठा आणि भरपूर खाऊ. ते पाहतच नसेल तर दोरीला अगदी हलका हिसका द्या, आपण खांद्याला हात लावतो तसा. ओढून आणू नका.

रात्री हात दिसत नाही. तेव्हा टॉर्च वापरा. कुत्र्याच्या पुढे जमिनीवर उजेड दोनदा लावून बंद करा, ते वळलं की तुमच्याच हातावर उजेड पाडून इशारा दाखवा. डोळ्यांत उजेड मारू नका. लेझरचा लाल ठिपका तर वापरूच नका. काही कुत्री त्याच्या मागे लागून वेडीपिशी होतात.

बाजारात थरथरणारे पट्टेही मिळतात. रिमोट दाबलं की मोबाइलसारखी थरथर होते. थरथर झाली की मालकाकडे पाहायचं, एवढंच त्यावर शिकवायचं असतं. घेताना तो करंट देणारा पट्टा नाही ना, ते नीट पाहून घ्या. पट्ट्याविनाही काम भागतं.

झोपेतलं कुत्रं आणि लहान मूल

बहिऱ्या कुत्र्याच्या चाव्याची वेळ बहुधा हीच असते. कुत्रं गाढ झोपेत, मूल पळत आलं आणि अंगावर पडलं. कुत्रं चावायचं ठरवून चावत नाही, दचकून चावतं. पण दात मुलाला लागतातच.

यावरही शिकवण आहे. कुत्रं जागं असताना खांद्याला हलका हात लावा आणि लगेच खाऊ द्या. दिवसातून अनेकदा करा. मग ते डुलक्या घेत असताना करा. शेवटी झोपेत. उठवताना आधी हात नाकासमोर धरा, वासाने ते जागं होऊ लागतं. मग नेहमीच्या त्याच जागी हलका स्पर्श करा आणि खाऊ द्या. हळूहळू त्याला सवय होते, की हात लागला म्हणजे चांगलंच काही मिळणार. झोपायची जागा भिंतीकडेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. घरातल्या मुलांना एकच नियम घालून द्या : झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

तरीही चावलं तर 'घरचंच कुत्रं आहे, दचकून चावलं' म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचे डॉक्टर सांगतील ते सगळे डोस घ्या. रेबीज एकदा उमटला की त्यावर उपाय नाही. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या आणि कार्ड जपून ठेवा. चावऱ्या कुत्र्याला पिसाळलेलं समजून गाव मारायला धावतो, तेव्हा ते कार्ड कामी येतं.

आता उड्या, बोगदा आणि काठ्या

टीव्हीवर किंवा यूट्यूबवर कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत अनेकांनी पाहिली असेल. हा खेळ १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरण्यासाठी पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे तो जगभर गेला. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत बहिऱ्या कुत्र्यांना पूर्वी मनाई होती. आता ती उठली आहे. कारण उघड आहे. या खेळात ऐकणारी कुत्रीसुद्धा मालकाच्या शब्दांपेक्षा त्याचे खांदे, पाय आणि हात कुठे वळतात ते पाहून पळतात.

यासाठी महागडं सामान लागत नाही.

- उडी : दोन विटांच्या थप्प्यांवर एक हलकी तुराटी आडवी ठेवा. पाय लागला तर ती खाली पडली पाहिजे, बांधून ठेवू नका. सुरुवात घोट्याइतक्या उंचीपासून करा. कुत्र्याच्या कोपराच्या वर नेऊ नका.
- काठ्या : सहा काठ्या एका रांगेत, दोन काठ्यांमध्ये साधारण दोन फूट अंतर. खाऊ हातात धरून कुत्र्याला नागमोडी फिरवा.
- बोगदा : बाजेवर गोणपाट टाकून दोन्ही बाजू झाका, किंवा तळ-झाकण काढलेला मोठा प्लास्टिकचा ड्रम आडवा ठेवा. ड्रम कीटकनाशकाचा नसावा. तो कितीही धुतला तरी नको.
- टायर : जुना टायर जमिनीवर उभा पक्का बांधा आणि त्यातून जायला शिकवा.

बहिऱ्या कुत्र्यासाठी बोगदा सगळ्यात अवघड. आत शिरलं की तुम्ही दिसेनासे होता. म्हणून सुरुवातीला बोगदा अगदी आखूड ठेवा आणि तुम्ही बाहेर पडायच्या तोंडाशी बसा. कुत्र्याला पलीकडे तुमचा चेहरा दिसला पाहिजे. पळताना तुम्ही नेहमी थोडं पुढे, त्याच्या नजरेत राहा. मागे राहून हातवारे केले तर त्याला ते दिसत नाहीत.

वय वर्ष-सव्वा वर्षाचं झाल्याशिवाय उंच उड्या मारायला लावू नका, हाडं पक्की झालेली नसतात. कुत्र्याची मान एका बाजूला कलत असेल किंवा ते गोल-गोल फिरत असेल तर कानाच्या आतलं दुखणं तोल बिघडवत आहे. अशा कुत्र्याला उड्या नकोत, दवाखाना हवा. आणि आपल्याकडचं ऊन विसरू नका. अकोला-अमरावतीत एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा अंधार पडल्यावरच खेळवा. जमिनीवर तुमचा उलटा तळहात पाच सेकंद टिकत नसेल, तर कुत्र्याचा पंजाही भाजतो.

रस्ता आणि रान : इथे शिकवणीवर भरवसा नको

कितीही शिकलं तरी बहिऱ्या कुत्र्याला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला म्हणजे गाड्याही जोरात जाणार. हायवे, राज्यमार्ग, गावातला एसटीचा रस्ता, कुठेही बहिरं कुत्रं दोरीशिवाय नेऊ नका. घरी ट्रॅक्टर मागे घेताना आधी कुत्रं कुठे आहे ते पाहा.

मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत, नरनाळ्याकडे, काटेपूर्णेच्या जंगलाकडेला बिबट्याचं भय असतं. ऐकणारं कुत्रं पाचोळा वाजला तरी सावध होतं. बहिऱ्याला ते कळत नाही. त्याला रात्री अंगणात बांधून ठेवू नका, दार लावून आत घ्या. जागलीला न्यायचं असेल तर ऐकणाऱ्या कुत्र्याच्या जोडीने न्या. सोबत्याने कान टवकारले की बहिरं त्याच्याकडे पाहून सावध होतं. वास आणि नजर त्याचीही चांगली असते, पण एकट्यावर राखण सोपवू नका.

गळ्यात घुंगरू किंवा छोटी घंटी बांधा. ती कुत्र्यासाठी नाही, तुमच्यासाठी. उभ्या तुरीत शिरलं तर हाक मारून उपयोग नसतो, घंटीच्या आवाजावर शोधता येतं. पट्ट्यावर ठळक अक्षरांत 'बहिरं आहे' आणि मोबाइल नंबर लिहा.

सोडून देणं हा गुन्हा आहे

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पाळीव जनावराला मारझोड करणं आणि उपाशी मरायला सोडून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. ज्यांना सांभाळणं खरंच शक्य नाही, त्यांनी ओळखीत दुसरं घर शोधावं आणि कुत्रं बहिरं आहे हे आधीच सांगावं.

बाकीच्यांनी आज संध्याकाळी एक ताट आणि एक चमचा घ्यावा. कुत्रं झोपलेलं असताना मागून वाजवून पाहावं. ते हललं नाही, तर उद्या सकाळी भाकरीचा तुकडा मुठीत घेऊन त्याच्यासमोर बसावं आणि ते कधी तोंडाकडे पाहतं याची वाट पाहावी. पाहिलं की अंगठा वर करावा. तिथून शिकवणी सुरू होते.